पायात काय होतं? खान्देशातल्या चपला, बूट आणि बेलबॉटमची गोष्ट

कानात इयरफोन घालून ऐकणाऱ्यांचं आणि बसमध्ये रेंज गेली म्हणून इथे वाचायला आलेल्यांचं, दोघांचंही स्वागत. हा आपल्या एपिसोडचा लिखित भाग. बोलण्याच्या ओघातलं थोडंफार नीट केलंय, बाकी बोललो तसंच ठेवलंय.

आजचा विषय तुमच्यापैकीच काही जणांनी सुचवलेला. जून २०२५ मध्ये इटलीतल्या मिलानला प्राडा कंपनीच्या फॅशन शोमध्ये मॉडेल मुलांच्या पायात अंगठ्याच्या चपला दिसल्या. ते रील तुमच्या फोनवर आलंच असणार. "अरे, ही तर आपली कोल्हापुरी!" म्हणून सगळीकडे गदारोळ झाला आणि मग कंपनीने मान्य केलं की प्रेरणा भारतीय हस्तकलेची आहे. कोल्हापुरीला २०१९ पासून भौगोलिक मानांकन आहे. त्यात महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे येतात. जळगाव, धुळे त्यात नाहीत. मग मेसेज आले, "दादा, खान्देशात काय घालायचे मग? तुमच्या वेळची फॅशन सांगा ना."

सांगतो. पण आधीच सांगून ठेवतो, आमच्याकडे कोल्हापुरी म्हणजे लग्नातली नाहीतर पुढाऱ्यांच्या पायातली. रोजच्या पायांत टायर, स्लीपर, सँडक, कॅनव्हास. आणि बऱ्याच पायांत काहीच नाही. फॅशनच्या आठवणी निघाल्या की आपण नेहमी गुडघ्याच्या वरचं बोलतो: शर्टाची कॉलर, केसांचा कट, गॉगल. आज मी खालून वर जाणार आहे.

आधी जमीन समजून घ्या

मी जळगाव जिल्ह्यातल्या एका खेड्यात वाढलो. शाळा ऐंशीच्या दशकात, कॉलेज नव्वदच्या सुरुवातीला धुळ्याला. आमच्या भागाची जमीन काळी, कपाशीची. पावसाळ्यात हा चिखल इतका चिकट होतो की पाऊल उचललं तर चप्पल खालीच राहते. जोर लावला तर पट्टा सुटतो. म्हणून शेताच्या वाटेने जाताना माणसं चपला हातात धरायची, गावाजवळ आलं की पाय धुवायचे आणि मग चप्पल घालायची.

उन्हाळ्यात उलटं. मे महिन्यात जळगाव, भुसावळचा पारा ४४-४५ अंशांवर जातो हे तुम्हाला हवामानाच्या ॲपवरून माहीतच आहे. पण ते तापमान हवेचं, सावलीतलं. त्याच वेळी डांबरी रस्त्याचा पृष्ठभाग ६० अंशांच्या पुढे जातो. त्यात बांधाबांधावर बाभळी. तेव्हा कुठलीही चप्पल घ्यायची झाली तर प्रश्न तीनच: काट्याला टिकेल का, उन्हाला टिकेल का, आणि दोन वर्षं जाईल का. रंग कोणता, हा प्रश्न फार पुढचा.

टायरची चप्पल

या तीनही प्रश्नांना पुरून उरायची ती टायरची चप्पल. ट्रकच्या जुन्या टायरचा तुकडा रापीने कापून तळ करायचा, वरचे पट्टे ट्यूबचे किंवा टायरच्याच पातळ थराचे, आणि जोडायला खिळे. धुळ्याला मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन हमरस्ते एकमेकांना भेटतात. ट्रक अहोरात्र चालू, त्यामुळे जुन्या टायरना तोटा नाही. रस्त्याच्या कडेला झाडाखाली पाल ठोकून बसलेले काका पाऊल कागदावर ठेवायला सांगायचे, पेन्सिल फिरवायचे आणि तासाभरात चप्पल हातात.

आता काटा का घुसत नाही ते बघा. टायर म्हणजे नुसतं रबर नसतं. आत नायलॉनच्या दोऱ्यांचे थर तिरके, एकावर एक चिकटवलेले असतात. बाभळीचा काटा रबरात जातो, पण त्या दोऱ्यांत अडतो. चप्पल जड असायची, चालताना फटक फटक वाजायची, नवीन असताना टाच सोलून काढायची. खिळा वर आला की दगडाने ठोकायचा. पण पाच-पाच वर्षं मरायची नाही.

मग ती गेली कुठे? स्वस्त प्लॅस्टिकने बाजार घेतला हे तर आहेच. दुसरं कारण कमी लोकांना माहीत असतं. ट्रकना रेडियल टायर आले. त्यांच्या आत पोलादी तारांचे पट्टे असतात. दोऱ्याचा टायर हाताने कापता येतो, तारेच्या टायरवर रापीच तुटते. म्हणजे टायर बनवायची पद्धत बदलली आणि इकडे झाडाखालचा एक धंदा आटत गेला.

स्लीपर आणि सँडक

तुम्ही ज्याला 'फ्लिप फ्लॉप' म्हणता ती आमची स्लीपर, म्हणजे हवाई चप्पल. नावातल्या हवाईचा विमानाशी संबंध नाही. ती अमेरिकेची हवाई बेटं. तिथल्या उसाच्या मळ्यांत जपानी मजूर गेले, त्यांच्याबरोबर त्यांची गवताची अंगठ्याची चप्पल गेली, तिला 'झोरी' म्हणतात. पुढे तिचं रबरी रूप जगभर पसरलं. आमच्याकडे आली ती वर पांढरी, खाली निळी, पट्टा निळा. टाचेखालचा पांढरा थर झिजून निळं दिसायला लागलं की समजायचं, निम्मं आयुष्य संपलं. पुढचं भोक फाटलं की पट्टा बाहेर यायचा. मग तळाखालून पट्ट्याच्या बोंडात सेफ्टी पिन अडकवायची आणि पुढे चालू. अगदीच संपली तर तळातून गोल चकत्या कापून आम्ही खेळण्यातल्या गाडीची चाकं करायचो. फुकट काही जायचं नाही.

सँडक म्हणजे प्लॅस्टिकचा बूट. नाव खरं तर बाटाच्या एका मालाचं, पण आमच्याकडे सगळ्याच प्लॅस्टिकच्या बुटांना चिकटलं. पावसाळ्यात उत्तम, उन्हाळ्यात पायाची उकड. सँडक तुटली की आई चुलीत जुनी सुरी लाल करायची, तुटलेल्या दोन कडांमध्ये धरायची, चर्रर्र आवाज, घाणेरडा वास आणि पट्टा जोडलेला. मी एकदा म्हटलं, स्लीपर पण अशीच जोड ना. आई म्हणाली, "ती जळते, जुळत नाही."

आईने एका वाक्यात रसायनशास्त्र सांगितलं होतं. सँडकचं प्लॅस्टिक तापलं की वितळतं, गार झालं की पुन्हा घट्ट होतं. असं पुन्हा पुन्हा होऊ शकतं. रबराचं तसं नाही. कच्चं रबर उन्हात चिकट आणि थंडीत कडक होतं, म्हणून त्यात गंधक मिसळून ते तापवतात. ही युक्ती चार्ल्स गुडइयर या अमेरिकन माणसाला १८३९ साली सापडली. गंधकामुळे रबराच्या लांब साखळ्या एकमेकींना कायमच्या बांधल्या जातात. मग ते रबर उन्हात टिकतं, पण परत वितळत नाही. म्हणून सँडकला सुरी आणि स्लीपरला सेफ्टी पिन.

कापसाच्या गावात पॉलिएस्टरची पँट

आता जरा वर येऊ, पँटच्या कडेपर्यंत. सत्तरच्या दशकात बेलबॉटम आली तेव्हा मी पाळण्यात होतो, पण आमच्या जिभाऊची एक बेलबॉटम मी लोखंडी पेटीत पाहिलीय. खालचा घेर एवढा की त्यात दोन पाय मावतील. कड जमिनीला घासून फाटायची म्हणून शिंपी तिला आतून चेन शिवायचा. हो, आपण पँटला पुढे लावतो तीच चेन, खालच्या घेराला गोल. झिजली तर चेन झिजेल, कापड नाही. फॅशन शहरातून आली होती, चेनची काळजी मात्र घरातली होती.

कापड कोणतं? इथे गंमत आहे. जळगाव, धुळे म्हणजे कापसाचा पट्टा. जळगावात खान्देश मिल, अमळनेरात प्रताप मिल. घराच्या ओसरीवर कापसाचे ढीग. आणि अंगावर मात्र टेरिकॉट, टेरिलिन. सुरत जवळ, तिथे असं कापड ढिगाने तयार होतं, आणि लग्नाचा बस्ता सुरतेहून आणायची आमच्याकडे रीतच. बाकीची खरेदी जळगावात फुले मार्केटला, धुळ्यात आग्रा रोडला.

पॉलिएस्टर उन्हाळ्यात का नको वाटतं? साधारण हवेत कापसाचा धागा आपल्या वजनाच्या सुमारे ८ टक्के ओलावा धरून ठेवतो. पॉलिएस्टर अर्धा टक्कासुद्धा धरत नाही. म्हणजे घाम कापडात न जाता अंगावरच राहतो. ४४ अंशांत तो शर्ट घालून बसमध्ये उभं राहणं म्हणजे काय, ते विचारू नका. तरी लोक तेच घ्यायचे, आणि कारण अगदी हिशेबी होतं. सुती पँट चुरगळते, विटते, गुडघ्यावर फाटते. टेरिकॉटची पँट मोठ्या भावाची मधल्याला, मधल्याची धाकट्याला. तिघांचं शिक्षण झालं तरी पँटचा रंग कायम. इस्त्री नको, गादीखाली घडी घालून ठेवली की झालं. दिवाळीला बाबा एकच ठाण घ्यायचे आणि सगळ्या भावंडांना एकाच कापडाचे शर्ट. दुरून बँड पार्टी आली असं वाटायचं.

सिनेमाचा हात होताच. 'बॉबी' आला १९७३ साली आणि पोरींच्या ब्लाउजवर मोठे ठिपके आले. 'मैंने प्यार किया' १९८९ चा, त्यानंतर जत्रेत 'फ्रेंड' लिहिलेल्या टोप्यांचे ढीग. 'तेरे नाम' २००३ चा, तेव्हा आमच्या पुढची पिढी कपाळावर केस ओढून फिरत होती आणि न्हावी वैतागले होते. मधल्या काळात स्टोन वॉश जीन्स, बॅगी पँट, ॲक्शनचे बूट, टाचेत दिवा लागणारे बूट. हे सगळं तुम्ही ऐकलेलं आहे, म्हणून भरभर सांगतोय.

कापूस भरलेला बूट

शाळेचा बूट मात्र सावकाश सांगायला हवा. कपडे 'वाढत्या अंगाचे' शिवायचे, तसा बूट वाढत्या पायाचा घ्यायचा. दोन नंबर मोठा. मग तो पायातून निघू नये म्हणून पुढे कापूस कोंबायचा. आमच्याकडे कापूस विकत आणावा लागत नव्हता, ओसरीवरचा मूठभर घेतला की झालं. पहिल्या वर्षी भरपूर कापूस, दुसऱ्या वर्षी थोडा, तिसऱ्या वर्षी कापूस संपला आणि अंगठा बाहेर.

पीटीला पांढरे कॅनव्हास लागायचे. मळले की फळ्याचा खडू ओला करून घासायचा, वाळला की पांढरे शुभ्र. धावायला लागलो की पायाखालून धूर निघाल्यासारखी भुकटी उडायची.

आमच्या वर्गातल्या एका मुलाचा धाकटा भाऊ त्याच शाळेत होता. मोठा सकाळच्या पाळीला, धाकटा दुपारच्या. बूट एकच जोडी. साडेबाराच्या सुमाराला फाटकाबाहेर लिंबाच्या झाडाखाली मोठा बूट काढायचा, धाकटा घालायचा, आणि मोठा त्या डांबरी रस्त्याने अनवाणी घरी. पळत जायचा, कारण हळू चालणं शक्यच नसायचं. एका वर्षी २६ जानेवारीच्या संचलनाला दोघांनाही बोलावलं. बूट नाही म्हणून मोठ्याला रांगेतून बाहेर काढलं. तो भिंतीजवळ उभा राहून टाळ्या वाजवत होता. कवायतीत आमच्या वर्गात तोच सगळ्यात चांगला होता.

त्या वर्षीचा शाळेचा ग्रुप फोटो माझ्याकडे आहे. मागच्या रांगांचे फक्त चेहरे दिसतात, सगळे सारखे, तेल लावून भांग पाडलेले. पहिली रांग जमिनीवर मांडी घालून बसलीय, तिचे पाय दिसतात. मोजून पाहा, कुणाच्या घरी काय होतं ते तिथे कळतं. तुमच्या आई-बाबांच्या फोटोतही पहिली रांग बघा.

अनवाणी पायाची किंमत

"साधं राहणं, मातीशी नातं" असं अनवाणी चालण्याबद्दल छान छान बोललं जातं. सकाळी हिरवळीवर हौसेने चालणं वेगळं. ज्याला दुसरा पर्यायच नाही त्याच्या पायाचं काय होतं ते बघा.

अंकुशकृमी नावाचा एक जंत आहे. त्याच्या बारीक अळ्या ओलसर मातीत असतात आणि थेट पायाच्या कातडीतून शरीरात शिरतात. तिथून फिरत फिरत आतड्यात, आणि तिथे बसून रक्त पितात. मूल फिकं पडतं, दमतं, वर्गात पेंगतं, आणि आपण म्हणतो, ढ आहे. अमेरिकेच्या दक्षिण भागात शंभर वर्षांपूर्वी हेच चालू होतं. १९०९ साली रॉकफेलरच्या पैशातून तिथे मोठी मोहीम निघाली. औषध द्या, संडास बांधा आणि बूट घाला, असा तिचा सगळा भर. स्वातंत्र्यापूर्वी आपल्याकडे बाटाची एक जाहिरात होती, तिच्यात फॅशनचा शब्द नव्हता. छोट्या जखमेतूनही धनुर्वात होऊ शकतो, तेव्हा बूट घाला, असं ती सांगायची. तुम्हाला शाळेत चघळायला मिळालेली जंताची गोळी आठवते? राष्ट्रीय जंतनाशक दिन २०१५ पासून सुरू झाला, ती त्यातली. गोळी आतला जंत मारते, पण नवा आत शिरू नये यासाठी संडास आणि पायात काहीतरी, दोन्ही लागतं.

आमच्या शेजारची म्हातारी आजी कुणीही पोर दारातून जाताना दिसलं की पहिला प्रश्न अहिराणीत विचारायची, "पायमा काही शे का नही?" पायात काही आहे की नाही? जेवलास का, हे नंतर.

हातातली चप्पल

आता शेवटचा भाग. इथपर्यंत मी पैशाचं, मातीचं, कापडाचं बोललो. पण चप्पल असूनही ती घालता न येणं, हेही आमच्या गावात होतं.

आमच्याकडे एक सालदार काका होते. वर्षाच्या बोलीवर शेतात राबणाऱ्या गड्याला खान्देशात सालदार म्हणतात. त्यांची वस्ती गावाच्या दुसऱ्या टोकाला. पायात टायरचीच चप्पल, स्वतःच्या कमाईची. आमच्या गल्लीच्या तोंडाशी आले की ते चप्पल काढून काखेत धरायचे आणि मे महिन्यातल्या फुफाट्यातून आमच्या दारापर्यंत अनवाणी यायचे. चिखल नसला तरी. मी हे रोज बघत होतो. घरात त्यावर कुणी अक्षर काढत नव्हतं. त्यांच्या आधीच्या पिढीला तर नवं कोरं धोतर नेसून गावातून जायचीही चोरी होती, असं ते सांगायचे.

त्यांचा मुलगा धुळ्याला आयटीआयला गेला. पहिल्या सुट्टीत एसटीतून उतरला तेव्हा पायात काळे, लेसचे, पॉलिश केलेले बूट. वडिलांना निरोप द्यायला तो आमच्या गल्लीत आला, आणि बूट न काढता आला. ओट्यावर बसलेल्यांपैकी एक जण म्हणाला, "फार मोठा झाला रे." तो थांबला, म्हणाला, "हो काका, नऊ नंबर लागतो आता." आणि पुढे गेला. मी तेव्हा नववीत होतो. खान्देशातली कुठलीही फॅशन मला त्या बुटांएवढी स्पष्ट आठवत नाही.

कपडे आणि जात यांचं हे नातं जुनं आहे आणि त्याविरुद्धचा लढाही जुना आहे. १९२७ साली महाडला बाबासाहेब आंबेडकरांनी जमलेल्या स्त्रियांना सांगितलं होतं की लुगडं नेसायची पद्धत बदला, ज्यावरून जात ओळखू येते ते जड दागिने टाका, स्वच्छ राहा. बाबासाहेब स्वतः सूट-बूट का घालायचे, हे आता वेगळं सांगायला नको.

आणि हे सगळं संपलं असं वाटत असेल तर कायदा उघडा. अनुसूचित जाती-जमातींवरील अत्याचार रोखणारा कायदा १९८९ चा. त्यात २०१५ साली दुरुस्ती झाली, ती २६ जानेवारी २०१६ पासून लागू आहे. सार्वजनिक ठिकाणी सायकल किंवा मोटारसायकलवर बसण्यापासून, पादत्राणं किंवा नवे कपडे घालण्यापासून, लग्नाची वरात काढण्यापासून एखाद्याला अडवणं हा गुन्हा असल्याचं त्या दुरुस्तीत शब्दशः लिहिलंय. पादत्राणं आणि नवे कपडे. २०१५ साली! तुमच्या फोनमध्ये तेव्हा व्हॉट्सॲप होतं. संसदेला हे शब्द लिहावे लागले, कारण असं अडवणं देशात चालू होतं.

तर मंडळी, पुढच्या वेळी 'रेट्रो लूक'चं रील बघाल तेव्हा बघा जरूर, बेलबॉटम मलाही आवडते. पण घरात जाऊन आजी-आजोबांना एक प्रश्न विचारा. "तुमच्या वेळी काय फॅशन होती?" असं विचारलंत तर सिनेमाच्या गप्पा मिळतील. त्याऐवजी विचारा, "पायात पहिली चप्पल कितव्या वर्षी आली, आणि ती घालून कुठे जाता यायचं नाही?" उत्तर रेकॉर्ड करा, त्यांची परवानगी असेल तरच आम्हाला पाठवा. लेवा बोलीत, अहिराणीत, पावरीत, भिलीत, जशी बोलतील तशी पाठवा. पुढच्या भागात ती उत्तरं ऐकवणार आहे.

तोपर्यंत उन्हात बाहेर पडताना पाणी घ्या आणि पायात काहीतरी घाला. भेटू या!